घोटून घेतलेलं वाक्य

“परत म्हण,” खातूसाहेब म्हणाले.

मी परत म्हटलं. मधे जीभ अडखळली. त्यांनी माझ्यापुढे चहाचा मग सरकवला आणि शांतपणे म्हणाले, “घाई करू नकोस रघू. आपल्याकडे दुपारभर वेळ आहे. उद्या चौकशीचा माणूस तुझ्याकडे बघून विचारणार. मी शेजारी असेनच, पण तुझ्या तोंडून इंग्रजीत आलं तर त्याला वजन येतं. दुभाष्याचं बोलणं वेगळं आणि माणसाचं स्वतःचं बोलणं वेगळं.”

मी मान डोलावली. वाक्य लहानच होतं. त्यातले ‘टोल्ड’ आणि ‘सेकंड ऑफिसर’ एवढेच शब्द माझ्या ओळखीचे. टोल्ड म्हणजे सांगितलं, आणि सेकंड ऑफिसर म्हणजे समोर बसलेले खातूसाहेब. मधले बारके शब्द तोंडात नीट बसत नव्हते, ते त्यांनी घोटून घोटून बसवले. मी अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, “अर्थ काय, जे झालं तेच. तू मला सांगितलं होतंस.”

मला गहिवरून आलं. मी सांगितलं होतं हे उद्या सगळ्यांपुढे आलं तर त्यांचंच नुकसान होतं. तरी हा माणूस ते वाक्य मला स्वतः शिकवत होता. हा देवमाणूस आहे असं मला वाटलं.

आमचं जहाज तेव्हा युरोपातल्या एका थंड बंदरात धक्क्याला लागून उभं होतं. मी खलाशी. हर्णैजवळच्या खारव्यांच्या वाडीतला, दहावीला इंग्रजीत आपटलेला. माझ्याच वाडीतला दत्ताराम चोगले माझ्यासोबत त्याच जहाजावर होता. आम्ही लहानपणापासून एका होडीत वाढलेले. खातूसाहेब गुहागरचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातले. बाकी सगळे परके: कप्तान ग्रीक, विंच, म्हणजे दोर ओढायचं यंत्र, चालवणारा बर्मी, स्वयंपाकी फिलिपिनो. जहाजावर कामाची भाषा इंग्रजी असा नियम होता, पण मागच्या डेकवर आम्ही तिघं असलो की खातूसाहेब मराठीतच बोलायचे. “आपण घरची माणसं,” म्हणायचे. मला थोडं इंग्रजीही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांची शिकवण्याची रीत सोपी होती. मोठे शब्द धरायचे, बारके सोडून द्यायचे. काम भागतं. आणि खरंच भागायचं.

अपघात त्या बंदरात शिरतानाच झाला. जहाज धक्क्याला ओढून घेत होतो. मागच्या डेकवर आम्ही तिघं आणि तो बर्मी. दोर कठड्यातल्या लोखंडी कड्यातून जात होता, आणि मी त्या कड्यापाशी उभा होतो. मला दिसलं की दोर कड्याच्या कोपऱ्यात अडकलाय आणि धारेवर घासून त्याचे पीळ सुटू लागलेत. मी खातूसाहेबांकडे वळून ओरडलो, “साहेब, दोर अडकलाय. तुटेल. थांबवा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या वॉकीटॉकीवर कप्तान घाई करत होता. त्यांनी हाताने मला ‘असू दे’ केलं आणि बर्मीला ओढायची खूण केली. बर्मीला माझं मराठी कळणं शक्य नव्हतं. तो फक्त साहेबांच्या हाताकडे बघत होता.

दोर तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. तुटलेलं टोक उलटं आलं आणि दत्ताच्या उजव्या पायावर बसलं. पुढचं मी सांगत नाही. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

वाक्य घोटून घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस चौकशीला आला. ऑफिसरांच्या जेवणाच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे तो बसला होता. म्हातारा, गोरा, अंगात जाड लोकरीचा कोट, चेहरा दमलेला. त्याने मला एक लांबलचक प्रश्न विचारला. मला त्यातलं ‘रोप’ कळलं, ‘सेकंड ऑफिसर’ कळलं. खातूसाहेबांनी डोळ्यांनी मला खूण केली. मी ताठ उभा राहिलो आणि ते वाक्य म्हटलं. एकदाही न अडखळता.

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. मला विचारलं, “आर यू शुअर?”

हे मला कळलं. “येस सर,” मी म्हटलं, “शुअर.”

त्याने पुढे होऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. त्यात ‘ऑनेस्ट’ हा शब्द होता. तोही मला येत होता. मी खातूसाहेबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांचं आता कठीण आहे.

त्याच आठवड्यात मला घरी पाठवलं. कामावरून काढल्याचं खातूसाहेबांनीच सांगितलं. म्हणाले, “कंपनीला कोणीतरी लहान माणूस लागतो रघू. मी खूप बोललो तुझ्यासाठी.” निघताना त्यांनी आपलं जाड जाकीट मला दिलं. दत्ताला हॉस्पिटलात भेटायचं होतं, पण आज ऑपरेशन, उद्या भेट बंद, असं करता करता राहिलंच. मीही कुणाला विचारू शकत नव्हतो. त्या गावात विचारायचं म्हणजे खातूसाहेबांमार्फतच.

घरी आलो तेव्हा पडवीत वाडीतली माणसं जमली. दत्ताचे वडील होते, शाळेचे पाटणे गुरुजी होते, आणि माझे आबा होते. आबा तांडेल. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दर्यावर होडी नेली होती. त्यांचा एकच कायदा. दर्यावर जे दिसेल ते ओरडून सांगायचं. खडक असो, जाळ्याची बोया असो, आभाळातला काळा ढग असो. आपलं काम असो वा नसो. बघून गप्प बसणारा माणूस त्यांच्या होडीत दुसऱ्या दिवशी नसायचा.

सगळ्यांनी विचारलं, नक्की कसं झालं. मी सगळं सांगितलं. दोर अडकलेला मी पाहिला, साहेबांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, सगळं. दत्ताचे वडील खाली मान घालून ऐकत होते. ते म्हणाले, “मग तुला का रे काढलं?” मला वाटलं, यांना पटायला हवं. म्हणून मी म्हटलं, “चौकशीतही मी हेच सांगितलं. इंग्रजीत सांगितलं.” आणि तिथे पडवीत उभं राहून ते वाक्य म्हणून दाखवलं. मला त्याचा अभिमानच वाटत होता. आमच्या वाडीत इतकं सफाईदार इंग्रजी कुणी बोललं नव्हतं.

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. थोड्या वेळाने एकेक जण उठून गेला.

त्यानंतर मी आबांच्या होडीवर जाऊ लागलो. पूर्वी मी नाळेवर उभा असायचो. होडीच्या पुढच्या टोकाला उभं राहून समोरचं बघायचं आणि ओरडायचं, हे माझं काम. आबांनी ते काम चुलतभावाला दिलं आणि मला मागे इंजिनाशी बसवलं. मी विचारलं नाही. ते माझ्याशी वाईट वागायचे असं नाही. उलट पूर्वीपेक्षा मऊ बोलायचे. ताटात माशाचा मधला तुकडा माझ्याकडे सरकवायचे. आजारी माणसाशी वागतात तसे. फक्त नाळेवर कधी उभं केलं नाही.

दत्ता बऱ्याच महिन्यांनी कुबड्या घेऊन परतला. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी म्हटलं, “दत्ता, मी ओरडलो होतो रे.” तो म्हणाला, “विंच केवढ्यांदा वाजत होता. मला काय ऐकू आलं नाय.” मला वाटलं, पाय गेलाय, मन कडू झालंय, होईल हळूहळू ठीक. ते झालं नाही. आम्ही रस्त्यात समोरासमोर आलो की तो दुसऱ्या बाजूला बघायचा. वाडीतली माणसंही माझ्याशी कामापुरतं बोलायची.

या सगळ्या काळात मला आपला वाटणारा एकच माणूस होता, तो म्हणजे खातूसाहेब. दरवर्षी उन्हाळ्यात माझी बायको कोळंबी सोलून, निवडून सोडे सुकवायची आणि मी ते गुहागरला त्यांच्या बहिणीकडे नेऊन द्यायचो. ते पुढे कप्तान झाल्याचं कळलं तेव्हा मी वाडीत पेढे वाटले.

आबा गेले त्या वर्षी मी होडी विकली. बंदरातल्या प्रवासी लाँचवर सारंगाची, म्हणजे लाँच चालवणाऱ्याची, जागा निघणार होती. त्यासाठी परीक्षा होती, तोंडी, आणि तीत थोडं इंग्रजी लागायचं. दापोलीला बेहेरे बाई म्हणून निवृत्त शिक्षिका शिकवणी घेतात असं कळलं, म्हणून मी गेलो. बाई सत्तरीच्या. कौलारू घराच्या मागच्या ओटीवर त्या बसत, आणि पायाशी एक पिवळी मांजर. माझ्या वयाचा विद्यार्थी बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी मला पाट दिला आणि म्हणाल्या, “आधी तुम्हाला काय येतं ते बघू. कुठलंही एक इंग्रजी वाक्य बोला. पूर्ण वाक्य.”

मला एकच पूर्ण वाक्य येत होतं. मी पाटावरही ताठ बसलो आणि म्हटलं,

“आय शुड हॅव टोल्ड द सेकंड ऑफिसर.”

“उच्चार छान आहे,” बाई म्हणाल्या. मग सहज विचारलं, “काय सांगायचं होतं त्याला? आणि मग सांगितलं का नाहीत?”

मला वाटलं बाईंना नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, “नाही बाई, सांगितलं होतं मी.”

“मग ‘आय टोल्ड’. संपलं. मधे ‘शुड हॅव’ कशाला घातलंत?”

“त्याने काय होतं?”

“काय होतं म्हणजे? अर्थ उलटा होतो. ‘आय टोल्ड’ म्हणजे मी सांगितलं. ‘आय शुड हॅव टोल्ड’ म्हणजे मी सांगायला हवं होतं. म्हणजेच सांगितलं नाही. चूक झाली माझी.” त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. “काय झालं? कुठे म्हटलंत तुम्ही हे?”

मी म्हटलं, “मी नाही घातले ते शब्द. मला घालून दिले.”

बाई उठल्या. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यालो, पण कसं प्यालो ते आठवत नाही. मला तो म्हातारा आठवत होता. पेन खाली ठेवून खांद्यावर हात ठेवणारा. तो मला शाबासकी देत होता असं मी इतकी वर्षं समजत होतो. तो कबुली देणाऱ्या माणसाची कीव करत होता. आणि मी “येस सर, शुअर” म्हणालो होतो.

बाई थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, “मोठे शब्द कुणालाही कळतात हो. माणूस अडकतो तो बारक्या शब्दांत.”

दापोलीहून मी तडक दत्ताकडे गेलो. माझ्या मनात राग होताच, पण त्याहून जास्त एक प्रकारची सुटका होती. आता दत्ताला सांगता येईल. त्याचा पाय माझ्यामुळे गेला नाही हे आता त्याला पटेल, आणि माझा मित्र मला परत मिळेल.

दत्ता पडवीत बसून जाळं सांधत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. वाक्य म्हटलं, त्याचा अर्थ सांगितला, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. तो सांधत राहिला. माझं बोलणं संपलं तेव्हा त्याने हातातली सुई खाली ठेवली.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तू ओरडलेलास ते. मी ऐकलं होतं. मी बाजूला सरकायला पाय उचलला होता, तेवढ्यात तुटला.”

तो बोलत राहिला, खाली बघून. “तिथे हॉस्पिटलात मी पडलेलो. डॉक्टर येतात, बोलतात, जातात. मला एक अक्षर कळत नाय. दुखतंय हे सांगायचं तरी खातू पाहिजे. पाणी पाहिजे तरी खातू पाहिजे. रात्री ते मला सुई द्यायचे, ती कसली, तेही तोच सांगायचा. मग एके दिवशी बसला बाजूला. म्हणाला, दत्ता, तुला काय ऐकू आलं नसणार, विंच वाजत होता. मी गप्प राह्यलो. दुसऱ्या दिवशी आलाच नाय तो. दिवसभर आला नाय. त्या दिवशी पट्टी बदलताना मी बोंबललो तरी कोणाला कळत नव्हतं कुठे लागतंय. तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला, कंपनीचा माणूस तुला विचारायला आलाय, काय सांगू? मी म्हटलं, सांगा, ऐकू आलं नाय.”

“मग इथे आल्यावर?” मी विचारलं. “इथे तर सगळे मराठीच बोलतात ना?”

त्याने मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. “इथे आलो तेव्हा वाडीत सगळे बोलत होते की रघूनेच कबूल केलंन. मला वाटलं, तुझी आणि खातूची काय बोलणी झाली असतील. मग वाटलं, आता बोललो तर मीच खोटा ठरणार. असं करता करता वर्षं गेली.”

“आबांना खांदा द्यायला तू आला होतास. एक कुबडी टाकून दुसरीवर चार पावलं चाललास. तेव्हा तरी.”

“सांगायला पाहिजे होतं,” दत्ता म्हणाला.

मी उठलो. त्याने हात पुढे केला होता, मी तो धरला नाही. पायऱ्या उतरताना त्याने मला हाक मारली. मी थांबलो नाही.

खातूसाहेबांचंही सांगून टाकतो, म्हणजे ते मागे उरायला नको. पुढच्या गणपतीत ते गुहागरला आल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या बहिणीकडे फोन केला. त्यांचा आवाज तसाच गोड होता. या वर्षी सोडे कसे नाही आले, म्हणाले. मी विचारलं, “साहेब, चौकशीच्या वेळी ते वाक्य तुम्हीच मला दिलंत ना?” ते हसले. “अरे, किती जुनी गोष्ट काढतोस. इंग्रजीत असंच बोलतात, ती नम्रतेची पद्धत असते. तुला नाही कळायचं.” मी फोन ठेवला. त्यांना अजूनही वाटत होतं की मला फक्त मोठे शब्द कळतात.

पण त्या दिवशी, दत्ताकडून निघालो तेव्हा, माझ्या डोक्यात त्याचं एकच बोलणं घुमत होतं. ‘वाडीत सगळे बोलत होते की रघूनेच कबूल केलंन.’ वाडीत इंग्रजी कोणाला येत होतं?

घरी आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, “आई, मी परत आलो त्या दिवशी पडवीत इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखवलं होतं. आठवतं?”

तिचे हात थांबले. “आता कशाला ते?”

“कोणी सांगितला त्याचा अर्थ?”

“पाटणे गुरुजींनी,” ती म्हणाली. “तुझे आबा त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलेले. पोरगं एवढं काय बोललं म्हणून कौतुकाने विचारायला गेलेले. आले ते जेवले नाहीत. मला म्हणाले, रघूने सांगितलं नव्हतं. चार माणसांत मराठीत कबूल करायला जीभ रेटली नाही, म्हणून इंग्रजीत कबूल केलंन. पण केलंन. दत्ताच्या बापासमोर केलंन.” तिने पदराने कपाळ पुसलं. “मला बजावलंनी, त्याला यावरून कधी काय विचारायचं नाय. कबूल करणाऱ्याला परत टोचू नये. नाळेवर त्याला उभं करवत नाय मला, पण तेवढंच. मरेपर्यंत पाळलंनी.”

मला माशाचा तो मधला तुकडा आठवला. आबा माझ्यावर रागावले नव्हते. ते मला क्षमा करून बसले होते, मी न केलेल्या गोष्टीसाठी.

मी आईला सांगितलं. तिला ‘शुड हॅव’ सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं की मी ओरडलो होतो, साहेबांनी ऐकलं होतं, दत्तानेही ऐकलं होतं, आणि ते वाक्य साहेबांनी मला खोटं शिकवलं होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा विचारलं, “दत्ताने स्वतः सांगितलंन?” मी हो म्हटलं.

कावळा बोंबलांवर उतरला, तो तिने हाकलला नाही. मग माझ्याकडे न बघता, पडवीतल्या आबांच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, “मग आता हे मी कोणाला सांगू?”